घरची शुश्रूषा आणि सरकारचे दायित्व

प्रश्न : मुरूड तालुक्यातील आमच्या गावी वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत, आई एकटी त्यांचे सारे करते. सरकारी खर्चाने घरी मदत मिळेल काय?

उत्तर : जी शुश्रूषा आपल्या मातोश्री अहोरात्र एकट्या करीत आहेत, तिचा भार उचलणे हे केवळ कुटुंबाचे नव्हे तर शासनाचेही कर्तव्य आहे, ही गोष्ट 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केली असून, ज्यांना आधाराची अधिक गरज आहे अशांसाठी कलम 24 मध्ये शुश्रूषा-भत्त्याचा उल्लेख आणि कलम 38 मध्ये त्या आधारासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. मात्र तरतूद आणि अंमल यांत मोठे अंतर आहे, आणि तेच मला अस्वस्थ करते. वैद्यकीय विम्याच्या सरकारी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. घरी खाटेवर पडलेल्याला त्यांचा उपयोग थोडा. केरळने 2008 मध्ये दुर्धर आजारातील त्रास हलका करणाऱ्या परिहार-सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर) धोरण स्वीकारून परिचारिकांच्या गृहभेटी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविल्या. आपल्या किनाऱ्यावरील गावांनाही, जिथे तरुण मुंबईला आणि वृद्ध घरी, हीच व्यवस्था हवी.

तूर्त अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला घ्यावा, उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कचेरीत करावा, आणि वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात गृहभेटींची तरतूद असल्याने उपकेंद्राकडे त्यांची लेखी मागणी करून पोच घ्यावी. शय्याव्रण होऊ नये म्हणून वडिलांची कूस दर दोन तासांनी बदलावी.