कोल्हापूरच्या बागेतील एक स्मारक

कोल्हापूर म्हटले की आपणांस राजर्षी शाहू महाराज व १९२० ची माणगाव परिषद आठवते. त्याच कोल्हापूर शहरातील महावीर उद्यानात एक स्मारक उभे आहे. ते आपल्या कुणाचे नाही, दूरच्या पोलंड देशातील निर्वासितांचे आहे. तरीही त्याचा अभ्यास आपण करावा असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर व स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडील भागातून १९४०-४१ मध्ये लाखो माणसांना घरातून उचलून, मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. थंडीने, उपासमारीने व रोगराईने कितीतरी माणसे तिकडेच गेली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा उरलेल्यांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले व म्हातारी माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावच्या छावणीत राहिले. तेथे शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता. जे परत गेलेच नाहीत, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलिश मंडळी गेल्यावर त्याच जागी फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले. आजचे गांधीनगर ते हेच.

वंशसंहारासाठी जगभर वापरला जाणारा कायद्याचा शब्द १९४४ मध्ये राफाएल लेमकिन या पोलंडच्याच ज्यू वकिलाने घडवला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्ध करार संमत केला. एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये त्यात येतात. पोलंडमधील सुमारे तीस लाख ज्यूंना नाझींनी मारले, तो वंशसंहारच होय. सैबेरियाच्या हद्दपारीला तोच शब्द लावावा की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आणि त्या व्याख्येत ‘जात’ हा शब्द नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे.

म्हणून आपल्या मराठवाड्याबद्दल बोलतानाही शब्द जपून वापरावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांतून आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना ठार करण्यात आले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, पण मधली सोळा वर्षे ज्यांनी सोसले त्यांचे काय? कायद्याच्या भाषेत त्याला वंशसंहार म्हणता येणार नाही. म्हणून ते विसरण्याजोगे ठरते असे नव्हे. नागपुरात इंदोरा येथे नामांतर शहिदांचे स्मारक आहे. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लोटणारी गर्दी हेही आम्ही एक स्मारकच मानतो.

पोलिश लोकांची आठवण टिकली ती नुसत्या दगडामुळे नव्हे. १९८९ पर्यंत त्यांच्या मायदेशातील साम्यवादी राजवटीत सैबेरियाबद्दल उघड बोलण्याची सोय नव्हती. छावणीत वाढलेल्या मुलांनी मोठेपणी संघटना बांधली, पत्रे, फोटो व आठवणी जमवल्या. दगड नंतर आला.

आपल्याकडे १९७८ मध्ये गाव सोडावे लागलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जावे. गावाचे नाव, तारीख, काय जळाले, कोणी आसरा दिला, पंचनामा झाला का, भरपाई मिळाली का, एवढे तरी विचारून लिहावे. आसरा देणाऱ्या सवर्ण शेजाऱ्यांची नावेही गाळू नयेत. जुनी वृत्तपत्रे व सरकारी कागद पाहताना एक लक्षात असू द्यावे : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीची नोंद जालना, अंबड, भोकरदनची असेल तर औरंगाबाद जिल्ह्याच्या दप्तरात आणि परतूरची असेल तर परभणीच्या दप्तरात शोधावी लागेल.