शिणाण्यातला बिऱ्हाडकरू

या खेपेच्या टपालात कल्याण सोडल्यावर कर्जतच्या वाटेवर लागणाऱ्या तीन गावांची पत्रं आहेत. समुद्र तिथून बराच लांब, पण प्रश्न सगळे पाण्यातल्या बिनकण्याच्या जीवांचे आणि ते कुणाच्या घरी राहतात याचे. म्हणून एकत्रच घेतो.

शंका : मालवणहून भावाने शिणाणे पाठवले होते. उकडून उघडताना एकातून वाटाण्याएवढा, मऊ, पिवळसर खेकडा निघाला. सासूबाई म्हणाल्या, सगळं पातेलं ओतून दे. शिणाणे खराब होते का? की त्यांनी खेकडा गिळला होता?
*— एक गृहिणी, बदलापूर पूर्व*

समाधान : ताई, पातेलं ओतलं असेल तर फार हळहळ वाटेल. शिणाणे खराब नव्हते आणि त्यांनी खेकडा गिळलाही नव्हता. शिणाणा हा शिंपला. तो पाणी आत ओढतो, त्यातले बारीक कण कल्ल्यांवर गाळून घेतो आणि तेवढ्यावर जगतो. खेकडा खाण्याइतकं तोंडच त्याला नाही. तो खेकडा तिथे राहत होता.

त्याला वाटाणा खेकडाच म्हणतात. तुम्हाला मिळालेली बहुधा मादी असावी. ती लहानपणी शिंपलीत शिरते आणि मोठी झाल्यावर जन्मभर तिथेच राहते. कालवांत, तिसऱ्यांतही असे खेकडे सापडतात. बाहेर शत्रू पुष्कळ, म्हणून बाकीच्या खेकड्यांना कडक कवच लागतं. हिला यजमानाचं कवच आयतं मिळालेलं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हिचं स्वतःचं कवच पातळ होत गेलं, डोळे बारीक झाले, पाय किरकोळ राहिले. वापर थांबला की अवयव झिजत जातो, हे पुस्तकात वाचायला मिळतं. तुम्हाला ते पातेल्यात दिसलं.

नर मात्र लहान आणि फिरता असतो. मादी आहे ती शिंपली शोधून तो कडेवर बसतो आणि आतल्या मांसल काठाला पायांनी गोंजारत राहतो. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांवर हे पाहिलं गेलं आहे. काही तास असं चालतं, मग शिंपली जराशी उघडते आणि तो आत सरकतो.

ग्रीक लोक या खेकड्याला शिंपल्याचा राखणदार समजत. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच आहे. प्रत्यक्षात तो कल्ल्यांवर गोळा झालेलं अन्न पळवतो, कल्ल्यांना इजा करतो आणि अशा शिंपलीत मांस कमी भरतं. माणसाला त्याचा काही अपाय नाही, नीट शिजला असेल तर खाऊनही चालतो. एकच काळजी घ्या. घरात कुणाला खेकडा-कोळंबीची ॲलर्जी असेल, पण शिणाणे सोसत असतील, तर उघडताना प्रत्येक शिंपली बघा.

शंका : मी आठवीत आहे. मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहेत असं वाचलं. मग तिथे लक्षद्वीपसारखी बेटं का नाहीत? आणि प्रवाळ म्हणजे दगड, झाड की प्राणी?
*— एक विद्यार्थिनी, अंबरनाथ*

समाधान : तुझा प्रश्न शेवटून घेतो. प्रवाळ हा प्राणी. तोंडाभोवती बोटांसारख्या सोंडा असलेला इवलासा जीव. असे हजारो एकमेकांना जोडून राहतात आणि खाली चुनखडीचा पाया घालत जातात. म्हणून तो दगडासारखा दिसतो. आणि झाड म्हणालीस, तेही अगदी चूक नाही, कारण त्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालं राहतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. शैवाल उन्हात साखर बनवतं आणि बरीचशी यजमानाला देतं. यजमान त्याला आसरा आणि खतपाणी देतो. पाणी फार तापलं की ही शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरा पडतो. तसाच उपाशी राहिला तर मरतो.

ही भागीदारी सुमारे १६ कोटी वर्षांची असावी असा अंदाज आहे. तुमच्या गावचं शिवमंदिर १०६० साली ज्या काळ्या दगडात उभं राहिलं, तो लाव्ह्याचा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे तुझ्या पायाखालची जमीन तयार होण्याच्या कितीतरी आधीपासून हे दोघं एकत्र नांदत आहेत.

आता बेटांचं. शैवालाला ऊन हवं, त्यासाठी नितळ पाणी हवं. पावसाळ्यात उल्हास नदी कशी गढूळ वाहते ते तू पाहिलं असशील. तो गाळ वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. अशा कितीतरी नद्या आणि खाड्या आपल्या किनाऱ्यावर गोडं पाणी आणि चिखल ओततात, म्हणून तशी बेटं इथे घडत नाहीत. तरीही हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर काही चिवट जाती तग धरून आहेत. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती याहून जास्त प्रवाळ आहेत. १९८७मध्ये तिथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य झालं. आणि खरं नितळ पाणी हवं असेल तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही.

गाळाचा विषय निघालाच आहे, तर वरच्या ताईंच्या खेकड्याचा एक भाऊबंद सांगतो. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी फांद्यांच्या प्रवाळात नखाएवढे चकचकीत खेकडे जोडीने राहतात. ते प्रवाळाचा चिकट स्राव खातात, म्हणून फुकटे वाटतात. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावर शास्त्रज्ञांनी काही प्रवाळांतून हे खेकडे काढून टाकले. महिन्याच्या आत त्यांतले ४५ ते ८० टक्के प्रवाळ मेले. खेकडे रोज गाळ झाडून काढत होते, हे २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून कळलं. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा चढून आला, तर हेच खेकडे त्याचे पाय चिमटून त्याला हुसकावतात. शिणाण्यातला खेकडा चोर आणि प्रवाळातला राखणदार. कोण कसा, हे वरवर बघून ठरवता येत नाही; बिऱ्हाडकरू काढून घेतल्यावर यजमानाचं काय होतं ते पाहावं लागतं.

शंका : माझ्या अंगठीत पोवळं आहे आणि शोकेसमध्ये वडिलांनी आणलेला पांढरा प्रवाळ. दोन्ही एकच का? ठेवणं गुन्हा आहे का?
*— एक व्यापारी, उल्हासनगर कॅम्प ३*

समाधान : एक नाहीत. अंगठीतलं पोवळं खरं असेल तर ते बहुधा भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचं. त्याच्या सोंडा आठ, त्याच्यात शैवाल राहत नाही, म्हणून ते अंधाऱ्या कपारींतही वाढतं, मात्र फार सावकाश. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे की रोमन स्त्रियांना जसे भारतातले मोती, तसं भारतीयांना हे पोवळं प्रिय.

शोकेसमधला पांढरा तुकडा म्हणजे खडक बांधणाऱ्या प्रवाळाचा सांगाडा. २००१पासून असे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तुमचा तुकडा विकू नका, कुणाला भेट देऊ नका आणि वन विभागाला लेखी विचारा. मालवणला किंवा अंदमानात कुणी नवा देऊ केला तर नको म्हणा.

शंका : निवृत्तीनंतर रोज उल्हास नदीकाठी फिरतो. आमच्या गोड्या पाण्यात असं काही नाहीच का?
*— एक ज्येष्ठ वाचक, बदलापूर पश्चिम*

समाधान : आहे, काका. प्रवाळाचा नातलग जेलीफिश आपल्या नद्यांतही निघाला आहे. मालवणकडचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तो १९११च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या नदीत सापडला. पुण्याच्या संशोधन संस्थेला ज्यांचं नाव आहे, तेच हे आघारकर.

काठावर गोड्या पाण्यातले शिंपले दिसले तर थांबा. त्यांची पिल्लं चिमट्यासारखी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, तिथे वाढतात आणि मग तळाशी गळून पडतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. मोठे शिंपले पुष्कळ आणि लहान एकही नाही असं दिसलं, तर चौकशी माशांची करायची. शिंपले दीर्घायुषी असतात. मासे गेल्यावरही थोरले कितीतरी वर्षं तसेच पडून राहतात आणि नदी ठीक आहे असा भास होतो.

आणि नातवंडं असतील तर हे करा. स्वच्छ तळ्यातली थोडी पाणवनस्पती काचेच्या बरणीत, त्याच पाण्यात, खिडकीशी ठेवा. उन्हात नको. दोन दिवसांनी भिंग घेऊन काचेच्या उजेडाकडच्या बाजूला पाहा. दोऱ्याच्या तुकड्यासारखा, टोकाला पाच-सहा सोंडा असलेला जीव दिसला तर ती हायड्रा. ती हिरवी असेल तर तिच्या पेशींत शैवाल राहत आहे, मालवणच्या प्रवाळासारखंच. सापडली तर मला कळवा; बरणी कुठल्या तळ्याची आणि कुठल्या महिन्यातली, तेही लिहा.