‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ : हसता हसता मांडलेला हिशेब

अमेरिकेतील शाळकरी मुलांचा विनोदी चित्रपट म्हटला की मोटारी, नाच आणि उनाडपणा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. १९८२ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात ते सगळे आहे. काही प्रसंग तर घरच्या मंडळींबरोबर बसून पाहता येणार नाहीत, हेही आधीच सांगून टाकतो. तरीही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा. कारण यातली मुले अभ्यास करतात थोडा आणि नोकऱ्याच जास्त.

कॅमेरन क्रो नावाच्या तरुण पत्रकाराने सॅन डिएगोच्या एका शाळेत विद्यार्थी म्हणून वावरून १९८१ साली पुस्तक लिहिले. पटकथाही त्याचीच. दिग्दर्शिका एमी हेकरलिंग यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

शॉन पेनने रंगवलेला स्पिकोली हा लाटांवर खेळणारा, सदा धुंदीतला विद्यार्थी सर्वांच्या लक्षात राहतो. इतिहासाच्या तासाला तो चक्क वर्गात पिझ्झा मागवतो. वर्गातला वेळ आपल्या दोघांचा, असा त्याचा युक्तिवाद. हँड सर तो मान्य करतात आणि पिझ्झा इतर मुलांत वाटून टाकतात! पुढे वर्षाअखेरीच्या नृत्याच्या रात्री सर त्याच्या घरी हजर होतात. वर्षभरात त्याने वाया घालवलेले तास त्यांनी मोजून ठेवलेले असतात आणि त्यांची वसुली ते तिथेच, त्याच्या खोलीत, इतिहास शिकवून करतात. जमाखर्च इतका चोख ठेवणारे प्राध्यापक आमच्याही नशिबी आहेत. ते घरी येत नाहीत एवढेच.

परंतु माझे लक्ष खिळले ते ब्रॅड हॅमिल्टनवर. बर्गरच्या दुकानात तो हुशार नोकर. गाडीचे हप्ते तिथल्याच पगारातून चाललेले. एक गिऱ्हाईक न्याहारी पसंत नाही म्हणून पैसे परत मागते, ब्रॅडचा तोल जातो आणि नोकरी जाते. मग मासळीच्या दुकानात समुद्री चाच्याचा पोशाख घालून काम. त्याच वेषात त्याला माल पोचवायला धाडतात. वाटेत शेजारच्या मोटारीतली एक तरुणी त्याला पाहून हसते. ब्रॅड टोपी आणि खाद्यपदार्थ खिडकीतून भिरकावून देतो.

इथे सगळे हसतात. मला हसू आले नाही. मी संध्याकाळी एका कापड दुकानात बसतो. गिऱ्हाईक कानडीत बोलले की कानडीत, मराठीत बोलले की मराठीत कापड दाखवतो. एकदा वर्गातल्या दोन मुली आईबरोबर दुकानात शिरल्या, तेव्हा मी ठाणांच्या मागे उगाचच काही शोधत राहिलो होतो. माझ्या अंगावर चाच्याचा पोशाख नव्हता, तरीही.

ब्रॅडची बहीण स्टेसी पिझ्झाच्या दुकानात नोकरीला. तिच्यावर गर्भपाताची वेळ येते. तिकिटांचा काळाबाजार करणारा डॅमोन निम्मा खर्च आणि वाहन कबूल करतो आणि ऐन दिवशी येतच नाही. कराराच्या कायद्याचे पुस्तक काढून बसलो, तरी या करारभंगाची भरपाई कोणत्या कलमात बसवावी हे मला सुचले नाही. ब्रॅडला तिथे पोचल्यावर खरा प्रकार कळतो. तो बहिणीला उपदेश करीत नाही. बाहेर थांबतो आणि तिला परत नेतो. विनोदी चित्रपटात हा प्रसंग इतक्या शांतपणे येतो की हसण्याच्या भरात तो निसटण्याचा संभव आहे. कृपया तो निसटू देऊ नये.

शेवटी ब्रॅड एका किरकोळ दुकानात रात्रपाळीला उभा असतो. दरोडेखोर पिस्तूल रोखतो, आणि ब्रॅड त्याच्या हातावर उकळती कॉफी ओततो. मग पडद्यावर अक्षरे उमटतात : ब्रॅड त्या दुकानाचा व्यवस्थापक झाला.