बोका पिचकारी मारतो तेव्हा



भात मळून घरात आले की त्याच्यामागून उंदीर येतात, आणि उंदरांसाठी आपण मांजर पाळतो. एक मांजर पुष्कळ असते. पण मांजरीला वर्षातून दोन-तीन वेळा पिल्ले होतात आणि पाहता पाहता घरात चार-पाच मांजरे होतात. मग एके दिवशी भाताच्या पोत्यांना, दाराच्या चौकटीला, कधी आल्तारावरच्या पडद्यालाही उग्र वास येऊ लागतो. रात्री माळ्यावर बोक्यांची जुंपते. घरधनी चिडून काठी उचलतो. शेवटी बोक्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतो. थोड्याच दिवसांत रिकाम्या जागेवर दुसरा बोका येतो आणि त्याच भिंतीवर पिचकारी मारतो. असे का होते व त्यावर उपाय काय, ते आज पाहू.

१. हा खोडसाळपणा नव्हे

मांजर खरोखर लघवी करते तेव्हा ते खाली बसते. पिचकारी मारताना ते उभे असते, शेपटी वर करून थरथरवते आणि मागच्या बाजूने भिंतीवर किंवा पोत्यावर थोडासा फवारा उडवते. ही त्याची हद्दीची खूण आहे. आपण बांधावर दगड रोवतो, तसेच हे. घरात नवे मांजर आले, बाहेरचा बोका खिडकीत दिसू लागला, खाण्याची जागा अपुरी पडली किंवा मांजरी माजावर आल्या, की या खुणा वाढतात. मांजरीही कधी कधी पिचकारी मारतात.

म्हणून मारझोड करून काही साधत नाही. मार खाल्लेले मांजर अधिक भिते, आणि भ्यालेले मांजर अधिक खुणा करते.

मात्र बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवीचा थेंबही पडत नसेल, तर तो आजार आहे. त्याची लघवी तुंबलेली असते व एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. त्याला लगेच गुरांच्या दवाखान्यात न्यावे.

२. मुख्य उपाय : खच्चीकरण

औताचा बैल शांत राहावा म्हणून आपण तो खच्ची करतो. बोक्याचेही तसेच आहे. खच्ची केलेल्या १० बोक्यांपैकी सुमारे ९ बोक्यांत पिचकारी बंद होते किंवा पुष्कळ कमी होते. भांडणे आणि भटकणेही कमी होते. पाच-सहा महिन्यांचे वय यासाठी चांगले, कारण तोवर सवय जडलेली नसते. मोठ्या बोक्यात गुण दिसायला काही आठवडे लागतात. हे काम डॉक्टरनेच भूल देऊन करावयाचे आहे. घरी ब्लेडने मुळीच करू नये. मांजरींचेही ऑपरेशन करून घ्यावे, म्हणजे पिल्लांची संख्या वाढत नाही आणि बाहेरचे बोके येत नाहीत. खच्ची केलेला बोका उंदीर मारीत नाही हा समज खोटा आहे.

३. जागेची वाटणी

प्रत्येक मांजराची थाळी वेगळी व एकमेकांपासून दूर ठेवावी. घरातच विधी करणारी मांजरे असतील, तर जितकी मांजरे त्याहून एक जास्त घमेले वाळू घालून निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवावे व रोज साफ करावे. उंचावर बसायला फळी किंवा रिकामी टोपली द्यावी. दुबळ्या मांजराला निसटायला वाट असली की निम्मी भांडणे मिटतात.

दोघांचे फारच वैर असेल, तर त्यांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाचे अंथरूण दुसऱ्याला द्यावे, म्हणजे वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खायला घालावे आणि नंतर दार थोडे थोडे उघडावे. घाई करू नये.

४. वास कसा घालवावा

वास राहिला की मांजर त्याच जागी परत येते. एन्झाइम घातलेली धुण्याची पावडर पाण्यात कालवून जागा धुवावी, स्वच्छ पाण्याने पुसावी व वाळू द्यावी. मातीची भिंत असल्यास भिजलेला पापुद्रा खरवडून पुन्हा लिंपावे. भाताची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी. भिजलेले धान्य खाण्यात घेऊ नये.

फिनाईल वापरू नये. ते मांजराच्या पायाला लागते, मांजर पाय चाटते आणि त्याला विषबाधा होते. डांबरगोळ्याही ठेवू नयेत. जखमी मांजराला माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरते.

५. भांडणात हात घालू नये

जुंपलेल्या मांजरांना हाताने सोडवू नये. मध्ये सूप किंवा फळी धरावी, अथवा वरून गोधडी टाकावी. मांजराचा दात बारीक असतो. जखम लहान दिसते, पण खोल जाते व पिकते. शिवाय मांजरापासून रेबीज होतो आणि तो एकदा झाला की माणूस वाचत नाही.

चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची सर्व इंजेक्शने पुरी करावी. चावलेल्या मांजरावर १० दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी इंजेक्शन थांबवू नये. मांजरांनाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवावी.

शेवटचा शब्द

पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि आपल्या श्रद्धेलाही ते शोभत नाही. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो. त्या दिवशी जनावरांना आशीर्वाद मागणाऱ्या आपण, वर्षभर आपले धान्य राखणाऱ्या मुक्या जिवाला नदीपलीकडे टाकू नये. पोत्यात घालून नदीवर नेण्याऐवजी त्याच पोत्यातून त्याला दवाखान्यात न्यावे. घरात शांती येईल आणि कणगीही सुरक्षित राहील.