माईकची केबल घरी बनवून विकायची आहे? आधी बंद पडलेली उघडा

या आठवड्याच्या व्हिडिओत दहा मीटरची माईक केबल पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवून दाखवली आहे. हात कसा चालवायचा ते तिथे बघा. कॅमेऱ्यासमोर घाईत राहून जातं ते इथे लिहितोय: हिशोब, आणि माझ्या पहिल्या बारा केबली कशा वाया गेल्या ती गोष्ट.

आपल्या परभणी जिल्ह्यात साऊंडवाल्याला काम कधी नसतं? तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू. मग फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, पुढे गणपती, नवरात्र. आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह तर आहेतच. सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत माईक चालू असतो. केबल तुडवली जाते, तिच्यावरून ट्रॅक्टर जातो, ती ओढून गुंडाळली जाते. म्हणून मागणी आहेच. प्रश्न एवढाच, की ऑनलाइन आणि दिल्लीच्या मालात स्वस्त केबल मिळत असताना तुमची कोणी का घ्यावी?

याचं उत्तर मला एका मंडपवाल्या मामांनी शिकवलं. मी नवीन होतो. गंगाखेड तालुक्यातल्या एका सप्ताहासाठी त्यांनी माझ्याकडून बारा केबली नेल्या. तिसऱ्या दिवशी कीर्तन रंगात आलेलं आणि माईक खरखरायला लागला. महाराज थांबले, लोक मागे वळून मशीनकडे बघायला लागले. मामांनी केबल बदलली, दुसरीही तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि सगळं भेंडोळं काउंटरवर ठेवलं. "पैसे राहू द्या," म्हणाले, "पण पुढच्या साली त्या गावात मला कोण बोलावणार, ते सांगा."

मी बाराच्या बारा उघडल्या. वायर चांगली होती, पिना ठीक होत्या. डाख कच्चा होता. सात केबलींत तो मळकट, दाणेदार दिसत होता आणि नखानं टोकरला की सुटत होता. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. त्या केबली मी संध्याकाळी घरी बसून केल्या होत्या, तेव्हा व्होल्टेज पडलेलं होतं. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नला 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले, तर ते जेमतेम 15 वॅटचं काम करतं. डाख वितळतो, पण पिन पुरेशी तापत नाही. वरवर चिकटलेलं दिसतं आणि पहिल्या हिसक्याला सुटतं. तेव्हापासून मी सोल्डरिंग सकाळीच करतो, आणि आयर्न 40 वॅटचं वापरतो. तुमच्या गावात लाइटचा भरवसा नसेल तर आधी मल्टीमीटरनं व्होल्टेज बघा, मग कामाला बसा.

दुसरी चूक त्याहून साधी होती. पिनच्या मागच्या बाजूला वायर आवळून धरणारी पकड असते, ती मी नीट कसली नव्हती. त्यामुळे केबल ओढली की सगळा ताण डाखावर यायचा. डाखाचं काम वीज पोहोचवणं. ताण पकडीनं घ्यायला हवा.

सुरुवात दुरुस्तीपासून करा

म्हणून नवीन शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी बंडल आणायला सांगत नाही. तुमच्या गावातल्या साऊंडवाल्याकडे जा. त्याच्याकडे बंद केबलींनी भरलेली एक पेटी किंवा पोतं असतंच. ते मागून आणा. प्रत्येक केबल उघडून कुठे तुटली ते वहीत लिहा. बहुतेक वेळा बिघाड पिनच्या आत किंवा पिनेपासून वीतभर अंतरात सापडतो, कारण वायर तिथेच वाकते. तेवढा तुकडा कापायचा, नवीन डाख द्यायचा, झाली केबल. भांडवल जवळपास शून्य, आणि वीस केबली उघडल्यावर तुमचा हात आणि डोळा दोन्ही तयार होतात. शिवाय तो साऊंडवाला तुमचा पहिला गिऱ्हाईक झालेला असतो.

साहित्य फार लागत नाही: आयर्न, आत राळ भरलेली 60-40 ची डाखाची तार, कटर, स्ट्रिपर, मल्टीमीटर, हीट श्रिंक स्लीव्ह. नळकामाचं ॲसिडवालं फ्लक्स वापरू नका, ते हळूहळू तांबं खातं. आणि 60-40 मध्ये 40 टक्के शिसं असतं. घरी काम करणार असाल तर स्वयंपाकघरात नको, खिडकी उघडी, लेकरं लांब, आणि उठल्यावर साबणानं हात धुवायचे.

जोड देताना

माईकच्या तीन टाचणीच्या पिनेला बाजारात 'कॅनन पिन' म्हणतात. खरं नाव एक्सएलआर, पण कॅनन नावाच्या अमेरिकन कंपनीनं ती आणली म्हणून तेच नाव तोंडात बसलं. जोडणी जगभर एकच: 1 नंबरला जाळी, 2 नंबरला एक वायर, 3 नंबरला दुसरी. मल्टीमीटरनं एक नंबर ते एक नंबर बीप आला पाहिजे, तसंच दोन आणि तीनचं. मग उलटं तपासायचं: एक-दोन, एक-तीन, दोन-तीन यांत बीप येता कामा नये. हे करताना पिनेजवळ वायर हलवत राहा. हलवताना बीप तुटला तर ती केबल विकायची नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे एका टोकाला 2 आणि 3 ची अदलाबदल. मेल आणि फिमेल पिना समोरासमोरच्या असतात, त्यामुळे एकीचा क्रम दुसरीत आरशासारखा उलटा दिसतो. अंदाजानं जोडू नका, प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात ते वाचा. गंमत म्हणजे अशी केबल एकटी असली तर ठणठणीत वाजते. पण पखवाजाला दोन माईक लावले आणि त्यातली एक केबल उलटी निघाली, की धूम कुठे गेली ते कळत नाही, आणि साऊंडवाला मिक्सरची बटणं फिरवत बसतो.

डाख देताना आधी पिनेची वाटी तापवायची, मग तिला डाखाची तार लावायची. आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन पिनेवर पुसायचा नाही. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे, आणि गार होईपर्यंत हात हलवायचा नाही. स्वस्त पिनेचं प्लास्टिक लवकर मऊ पडतं, म्हणून समोरची जोडपिन खोचून ठेवा, टाचण्या वाकड्या होत नाहीत. आणि पिनेचं मागचं टोपण डाख देण्याआधी वायरीत ओवा. हे मी आजही आठवड्यातून एकदा विसरतो आणि स्वतःलाच दोन शब्द ऐकवतो.

वायर विकत घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याला डाख नीट धरत नाही, आणि चार वेळा वाकवलं की ते तुटतं. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

स्पीकरच्या वायरीचं गणित वेगळं आहे. तिथे जाळी लागत नाही, जाडी लागते. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की भार 4 ओहमचा होतो. 30 मीटर लांब 0.75 स्क्वेअरची वायर टाकली, तर जाऊन-येऊन 60 मीटर तांब्याचा अडथळा दीड ओहमच्या वर जातो. म्हणजे ॲम्प्लिफायरनं दिलेल्या ताकदीतला चौथ्या भागाहून जास्त हिस्सा वायर गरम करण्यात जातो. 2.5 स्क्वेअर टाकली तर तोटा साधारण दहा-अकरा टक्क्यांवर येतो. गावाकडचे भोंगे 100 व्होल्ट लाइनवर चालतात, तिथे करंट कमी असतो म्हणून बारीक वायर चालून जाते. गिऱ्हाइकाला आधी विचारा की कशावर लावणार, मग वायर द्या.

नव्वद मीटरचा फटका

आता पैशाचं. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारात विचारून बदला.

बंडल 2,700 रुपयांचं. मी बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, तरी मी धरलं की बंडल म्हणजे 100 मीटर, दहा मीटरच्या दहा केबली, वायर पडली 270 ला. दोन पिना 120 च्या. एकूण 390, विकायची 500 ला, नफा 110. वहीत फार छान दिसत होतं.

पण बंडल बहुतेक वेळा 90 मीटरचं असतं, जुन्या 100 यार्डांच्या मापाचं. आणि दहा मीटरच्या केबलला दोन्ही टोकं सोलून पिनेत जायला धरून 10 मीटर 10 सेंटिमीटर वायर कापावी लागते. म्हणजे आठच केबली होतात आणि 9 मीटर 20 उरते. आता खरा हिशोब मांडा. वायर 303, पिना 120, डाख-स्लीव्ह-लेबल 12. तुमची पंचवीस मिनिटं, तासाला 80 रुपये धरले तरी 33. झाले 468. यात वीसात एक केबल परत येऊन बदलून द्यावी लागेल म्हणून 23 रुपये बाजूला. 491. पाचशेला विकली तर हातात 9 रुपये! मी तीन महिने असाच नफा कमावत होतो. आज त्याच हिशोबानं भाव 650 लावायचा, आणि उरलेल्या सव्वानऊ मीटरमधून दीड-दीड मीटरच्या पाच छोट्या केबली काढायच्या. त्या मिक्सरच्या मागे लागतातच.

650 ला कोण घेणार? ज्याचा कार्यक्रम एकदा बंद पडलाय तो घेतो. मी प्रत्येक केबलच्या पिनेजवळ नंबर आणि तारीख घालतो, वर पारदर्शक स्लीव्ह. एक वर्षात डाख सुटला तर फुकट करून देतो आणि तोवर हातात दुसरी केबल देतो. ऑनलाइनवाल्याला हे गावात येऊन करता येत नाही. लांबीही गिऱ्हाईक सांगेल तेवढी, साडेसात तर साडेसात.

मालासाठी पुण्याची तपकीर गल्ली किंवा हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली बघा. आपल्याला हैदराबाद सोपं, देवगिरीत बसलं की झालं. पहिल्या खेपेला एकच बंडल आणि वीस पिना आणा.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. फक्त माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण दुरुस्ती ही सेवा धरली जाते, मग मर्यादा 20 लाखांची. राज्याबाहेर माल जाणार असेल तर आधी सीएला विचारा. पाकिटात बंद करून विकणार असाल तर त्यावर तुमचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापावा लागतो. आणि मेन्सच्या 230 व्होल्टच्या एक्स्टेन्शन वायरी बनवून विकायच्या फंदात पडू नका. तिथे आयएसआयचे नियम आहेत आणि चूक झाली तर माणसाच्या जिवाशी खेळ आहे. माईक गुणगुणतो म्हणून ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन तोडून मागणारे येतील. त्यांना सरळ नाही म्हणा.

त्या मामांना मी बाराही केबली नव्यानं करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. पुढचं वर्षभर ते फक्त दुरुस्ती आणायचे आणि समोर उभं राहून बघायचे. नंतर एकदा चोवीस मागितल्या. त्यातल्या 17 नंबरचा डाख मागच्या महिन्यात सुटला. ती सध्या माझ्या टेबलावर आहे, पुढच्या व्हिडिओत तीच उघडून दाखवतो.