बरी झाल्यावरही ती थरथरत होती

आजचा शास्त्रभाग : मार्क ५:२५-३४



काल रात्री पुन्हा तेच झालं. लॅबचा मेसेज आला, रिपोर्ट तयार आहे, आणि मी फोन पालथा ठेवून दिला. ती पीडीएफ उघडायला मला चाळीस मिनिटं लागली.

जे नव्याने वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते. गेली सहा वर्षं मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. घरचे आमवात म्हणतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक अॅसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी, कारण हे औषध लिव्हरवर आणि रक्तपेशींवर परिणाम करू शकतं. दुखण्याची सवय होते हो. सकाळी बोटं आखडलेली असतात, ब्रशवर पेस्ट घ्यायला वेळ लागतो, चालतं. भीतीची मात्र सवय होत नाही.

मार्कमधली ही बाई आपण संडेस्कूलपासून ओळखतो. बारा वर्षं रक्तस्राव. पुष्कळ वैद्य झाले, होतं नव्हतं ते सगळं खर्च झालं, आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलंच. (लूकही ही गोष्ट सांगतो, पण दुखणं वाढल्याचं तो लिहीत नाही. पौल त्याला वैद्य म्हणतो, कलस्सै ४:१४. आता काय समजायचं ते समजा!) शिवाय लेवीय १५:२५-२७ प्रमाणे ती अशुद्ध. ती बसेल ती जागा अशुद्ध, त्या जागेला शिवणाराही अशुद्ध. म्हणून ती मागून येते, गर्दीतून, गुपचूप.

इथपर्यंत आपल्याला पाठ आहे. पण वचन २९ आणि ३३ एकापुढे एक ठेवून वाचा. २९ मध्ये ती बरी झालेली आहे, आणि ते तिला शरीरात जाणवलंही आहे. आणि ३३ मध्ये ती भीत भीत, कापत कापत येऊन येशूच्या पाया पडते. म्हणजे आजार गेला तरी भीती शिल्लक होती!

मला हे वाचून खरंच हायसं वाटलं. आपण धरून चालतो की रिपोर्ट नॉर्मल आला की भीती जाईल. माझे रिपोर्ट कितीदा तरी नॉर्मल आलेत. भीती पुढच्या तारखेची वाट बघत बसते.

मग येशू काय करतो? याईराची मुलगी मरायला टेकलीये, एकेक मिनिट मोलाचं आहे, आणि तो थांबून विचारतो की मला कोणी स्पर्श केला. शिष्यांना हे विचित्रच वाटतं. पण तिला तसंच घरी जाऊ दिलं असतं, तर ती बरं झालेलं शरीर आणि बारा वर्षांचं दडपण घेऊन गेली असती. तिने त्याला सगळं खरं खरं सांगितलं, असं मार्क लिहितो. सगळं! तेव्हा तो तिला मुली म्हणतो आणि शांतीने पाठवतो.

आता अवघड प्रश्न. ती तर बरी झाली, मी नाही झाले. माझं काय?

चार वर्षांपूर्वी प्रार्थनेला येणाऱ्या एकांनी मला प्रेमाने सांगितलं होतं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. मी दोन महिने औषध बंद केलं. गुडघे इतके सुजले की चर्चच्या तीन पायऱ्या बाबांनी हात धरून चढवल्या. तेव्हा मला सर्वात जास्त भीती आजाराची नव्हती, माझा विश्वास खोटा आहे की काय याची होती. त्या काळात मला तीमथ्याने वाचवलं. त्याला वारंवार दुखणी व्हायची, आणि पौल त्याला रागावत नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३). ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते (प्रे. कृत्ये १९:१२), तोच त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). त्रफिमाचा विश्वास कमी होता असं एक अक्षरही तिथे नाही. आणि खुद्द पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला, कृपा मिळाली (२ करिंथ १२). मला अजूनही काटा निघालेला जास्त आवडेल, खोटं कशाला बोलू.

म्हणून प्रियांनो, औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. डॉक्टरांशी बोला. आणि प्रभूशी बोलताना "सर्व ठीक आहे" वाली प्रार्थना थोडी बाजूला ठेवा. काल मी तेच केलं. बोटं वाकडी झाली तर, लग्न जमेल का, आईबाबा नसतील तेव्हा माझं कोण करणार, सगळं मोठ्याने बोलले. आई दारात उभी होती हे मला नंतर कळलं. तिने येऊन फोन सरळ केला आणि आम्ही दोघींनी मिळून रिपोर्ट उघडला. लिव्हरचा एक आकडा थोडा वर आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय.

प्रार्थना : प्रभू येशू, गर्दीत तू तिच्यासाठी थांबलास. गुरुवारी त्या वेटिंग रूममध्ये माझ्याजवळ बस. जे मी अजून तुला सांगितलेलं नाही, तेही सांगायला मला धीर दे. आमेन.