फुलाचा सोबती कोण? उष्ण कटिबंधातील तीन पिकांचे परागीभवन

उष्ण कटिबंधातील फुलाचा रंग, गंध आणि आकार हा विशिष्ट पक्ष्याला किंवा कीटकाला दिलेला संकेत असतो. लाल रंग पक्ष्यांना दुरून दिसतो. मधमाश्यांना तो नीट ओळखता येत नाही. म्हणूनच पक्ष्यांवर विसंबणारी फुले बहुधा लाल-नारिंगी व गंधहीन असतात. परदेशी पीक आणताना आपण रोप आणतो. त्याचा परागवाहक मात्र बहुधा मूळ प्रदेशातच राहतो. त्यामुळे नव्या पिकाची शिफारस करण्यापूर्वी ‘याचे परागीभवन येथे कोण करणार?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. पुढील तीन पिके त्याची तीन निरनिराळी उत्तरे देतात.

हेलिकोनिया : सोबती नाही, गरजही नाही

केळीशी नाते सांगणाऱ्या हेलिकोनियाचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हे, तर केळफुलावरील लालसर आवरणासारखे छद होत. खरी फुले त्यांच्या आत असतात. अमेरिका खंडात त्यांचे परागीभवन हमिंगबर्ड करतात. पूर्व कॅरिबियन बेटांवरील जांभळ्या गळ्याच्या हमिंगबर्डमध्ये नराची चोच आखूड व कमी वक्र असून ती हेलिकोनिया कॅरिबियाच्या फुलात बसते. मादीची लांब, वाकडी चोच हेलिकोनिया बिहाईच्या फुलाशी जुळते. एकाच जातीच्या नर-मादीत फुलानुसार पडलेला असा फरक विरळाच.

हमिंगबर्ड भारतात आढळत नाहीत. आपल्याकडील शिंजीर मध पिणारा असला तरी तो वेगळ्या कुळातील आहे. तथापि कापणीच्या फुलांसाठी हेलिकोनियाची लागवड कंदांपासून होते व विक्री छदांची होते. फळधारणेची आवश्यकता नसल्याने परागवाहकाचा अभाव येथे नुकसानकारक ठरत नाही.

व्हॅनिला : सोबत्याचे काम माणसाच्या हाती

व्हॅनिला हे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ऑर्किड आहे. तिच्या फुलात परागकोश व कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असल्याने आपोआप परागीभवन सहसा होत नाही. वेल इतर देशांत नेल्यावर फुले येत, शेंगा मात्र धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने हा पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबण्याची सोपी पद्धत शोधली. जगभरातील व्हॅनिलाची शेती आजही मुख्यतः याच पद्धतीवर चालते.

फूल पहाटे उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. त्या सकाळी राहून गेलेल्या फुलाची शेंग कायमची गेली. यशस्वी फुलाची शेंग पक्व होण्यास सुमारे ९ महिने लागतात. म्हणून केरळ, कर्नाटक वा तमिळनाडूतील बागायतदाराने खर्चाचा अंदाज बांधताना बहराच्या दिवसांत रोज सकाळी लागणारे कुशल हात प्रथम मोजावेत.

पॅशन फ्रूट : स्थानिक सोबती उपलब्ध

दक्षिण अमेरिकेतील पॅशन फ्रूट म्हणजेच कृष्णफळ आपल्याकडे ईशान्येकडील राज्ये, कोडगू, वायनाड व निलगिरी भागांत घेतले जाते. त्याच्या फुलात परागकोश व कुक्षी मधाच्या बरेच वर असतात. मधमाशी लहान असल्याने ती बहुधा स्पर्श न होता खालून निघून जाते आणि परागही गोळा करून नेते. लाकूड पोखरून घर करणाऱ्या, निळसर चमकत्या पंखांच्या मोठ्या काळ्या भुंग्याची पाठ मात्र बरोबर त्या उंचीवर घासते. सुदैवाने असे भुंगे भारतात मूळचेच आहेत.

पिवळ्या प्रकारात वेलाला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत. त्यामुळे एकाच मातृवेलाच्या कलमांची बाग भुंगे असूनही वांझ राहू शकते. याचे फूल दुपारच्या सुमारास उमलते. जांभळ्या प्रकाराचे पहाटे.

शिवारफेरीत पाहावयाच्या बाबी

१. विक्री कशाची होते : फुलाची, फळाची की बियांची? फळ वा बी हवे असल्यास परागवाहकाची खात्री करावी.

२. फूल केव्हा उमलते, याची नोंद घ्यावी. त्या वेळी कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

३. फुलावर कोण येते, यासोबत त्याचा कुक्षीला स्पर्श होतो का, हेही पाहावे.

४. पॅशन फ्रूटच्या बागेलगतची वाळकी खोडे व जुने बांबू सरसकट जाळू नयेत. तेच भुंग्यांचे घर असते.

५. पिवळ्या पॅशन फ्रूटच्या बागेत भिन्न वेलांपासूनची रोपे मिसळून लावावीत.

६. फूल भरपूर पण फळ कमी, अशी तक्रार आल्यास खताची मात्रा वाढविण्याआधी एक दिवस फुलांजवळ थांबून निरीक्षण करावे. अनेकदा उणीव मातीत नसून परागवाहकाच्या अनुपस्थितीत असते.